इंजेक्शन हार्मोनचे, खडे पित्ताशयात

एका आजारावर गुणकारी ठरलेले औषध दुसरीकडे पित्ताशयात खडे तयार करते, तेव्हा रुग्णाने काय करावे? औषध सोडावे की पित्ताशय काढावे? घाईने निर्णय घेण्यापूर्वी काही गोष्टी समजून घ्यायला हव्यात.

लग्नात घातलेली अंगठी बोटातून निघेनाशी झाली, तेव्हा तिने ती गोष्ट हसण्यावारी नेली. चाळिशी उलटली, अंग भरले, एवढेच! पुढे हातात बांगड्या चढेनात. पाच नंबरची चप्पल सात नंबरवर गेली. चेहरा राठ दिसू लागला, आवाज घोगरा झाला आणि घोरणे इतके वाढले की शेजारच्या खोलीतली मुले चेष्टा करू लागली. कोणी म्हणाले थायरॉइड असेल, कोणी म्हणाले वय झाले. शेवटी दातांमध्ये फटी पडल्या म्हणून ती दंतवैद्याकडे गेली. पुढे आलेला जबडा पाहून त्यांनी तिला जुना फोटो आणायला सांगितला आणि दोन्ही चेहरे ताडून पाहिल्यावर हार्मोनतज्ज्ञाकडे जाण्याचा सल्ला दिला.

तपासण्या झाल्या, निदान झाले. मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतली गाठ नाकावाटे शस्त्रक्रिया करून काढण्यात आली. पण गाठ मोठी होती, थोडा भाग उरला. मग दर चार आठवड्यांनी एक इंजेक्शन सुरू झाले. काही महिन्यांतच फरक जाणवला. घाम कमी झाला, डोकेदुखी थांबली, रक्तातली साखर आटोक्यात आली. घरातल्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

वर्ष उलटले. नणंदेच्या मुलाच्या लग्नात जेवण जरा जडच झाले. मध्यरात्री पोटाच्या वरच्या भागात अशी कळ उठली की तिला धड बसवेना, धड झोपवेना. सासूबाई म्हणाल्या, ‘‘पित्त झालंय गं. तुपकट सोसत नाही तुला. आमसुलाचं सरबत घे आणि पडून राहा.’’ दोन-तीन तासांनी दुखणे थांबले आणि विषय संपला. महिन्याभराने पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला मात्र सोनोग्राफी झाली आणि उत्तर मिळाले : पित्ताशयात खडे.

सर्जननी विचारले, ‘‘कोणती औषधं चालू आहेत?’’ तिने रक्तदाबाची आणि साखरेची गोळी सांगितली. महिन्याच्या इंजेक्शनचा उल्लेखच केला नाही. ते डोक्याच्या गाठीचे होते, त्याचा पोटाशी काय संबंध? संबंध कळला तो घरी आल्यावर. इंजेक्शनच्या खोक्यातली माहितीपत्रिका वाचता वाचता ती दचकलीच. ‘‘अहो, हे पाहा, यात पित्ताशयातल्या खड्यांबद्दल लिहिलंय!’’ नवऱ्याने ती ओळ दोनदा वाचली आणि निर्णय देऊन टाकला, ‘‘मग पुढचं इंजेक्शन घेऊच नकोस.’’

या स्त्रीचे नाव-गाव कोणतेही घ्या. ही कोणा एकीची कहाणी नसून प्रातिनिधिक चित्र आहे. या आजाराच्या कित्येक स्त्री-पुरुषांची वाटचाल थोड्याफार फरकाने अशीच होऊ शकते. त्यात दोन चुका आहेत : डॉक्टरांना इंजेक्शनविषयी न सांगणे आणि घाबरून ते आपल्या मनाने बंद करणे. दोन्ही महागात पडू शकतात आणि दोन्ही टाळता येण्याजोग्या आहेत.

आजार कोणता?

या आजाराचे नाव अॅक्रोमेगॅली. पिअर मारी या फ्रेंच डॉक्टरांनी १८८६ साली हे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ होतो टोकांचे मोठे होणे, म्हणजेच हात, पाय, नाक, जबडा वाढणे. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. तिच्यात कर्करोगाची नसलेली एखादी लहानशी गाठ होते आणि ती वाढीचे हार्मोन प्रमाणाबाहेर तयार करू लागते. हे हार्मोन यकृतावर काम करते आणि यकृतातून आयजीएफ-१ नावाचे दुसरे द्रव्य रक्तात उतरते. हाडे, सांधे, त्वचा, जीभ, हृदय या सगळ्यांची अनावश्यक वाढ होते ती या दोघांमुळे.

वाढीच्या वयात हे घडले तर मुलाची उंची बेसुमार वाढते. मोठ्या माणसाची उंची वाढू शकत नाही, म्हणून हाडे रुंद व जाड होतात. बदल इतके सावकाश होतात की रोज पाहणाऱ्यांच्या ते ध्यानात येत नाहीत. निदानाला अनेक वर्षे लागतात ती याचमुळे. दर दहा लाख लोकांत वर्षाला जेमतेम तीन-चार नवे रुग्ण सापडतात, त्यामुळे कित्येक डॉक्टरांनी असा रुग्ण प्रत्यक्षात पाहिलेलाही नसतो.

आजार दुर्मिळ आहे, पण किरकोळ मुळीच नाही. उपचार न केल्यास मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयाचे स्नायू जाड होणे, झोपेत श्वास अडकणे, सांधे झिजणे असे एकेक विकार मागे लागतात आणि आयुष्य सरासरी दहा वर्षांनी घटते असे मानले जाते. उलट, हार्मोनची पातळी ताब्यात आली की आयुर्मान इतरांसारखेच होऊ शकते. पुढचे सगळे विवेचन वाचताना ही गोष्ट विसरून चालणार नाही.

पहिला उपचार शस्त्रक्रिया हाच. गाठ एक सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर अनुभवी शल्यविशारदाच्या हातून बहुतेक रुग्ण बरे होतात. मोठी गाठ मात्र अनेकदा पूर्ण निघत नाही. अशा वेळी औषधाचा आधार घ्यावा लागतो.

औषधाची जन्मकथा

१९७३ साली अमेरिकेत रॉजर गिमे यांच्या प्रयोगशाळेत सोमॅटोस्टॅटिन या हार्मोनचा शोध लागला. वाढीच्या हार्मोनला लगाम घालणारे हे हार्मोन शरीर स्वतःच तयार करते. मेंदूतील हार्मोनांवरील संशोधनासाठी गिमे यांना १९७७ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. पण हे हार्मोन औषध म्हणून वापरण्यात एक अडचण होती. रक्तात ते दोन-तीन मिनिटांतच निम्मे होते.

यावर तोड काढली ती स्वित्झर्लंडच्या सँडोझ कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी. मूळ हार्मोनमध्ये चौदा अमिनो आम्ले होती. त्यांनी आठच अमिनो आम्लांचे एक रसायन बनवले आणि १९८२ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. हेच ते ऑक्ट्रिओटाइड. ते रक्तात सुमारे दीड तास टिकते. सुरुवातीला दिवसातून तीनदा कातडीखाली सुई टोचून घ्यावी लागे. पुढे चार आठवडे हळूहळू विरघळणारे, कुल्ल्याच्या स्नायूत द्यायचे इंजेक्शन निघाले आणि रुग्णांचा मोठा त्रास वाचला. लॅनरिओटाइड हे याच कुळातले दुसरे औषध. पोटातल्या काही दुर्मिळ, हार्मोन स्रवणाऱ्या गाठींसाठीही ही औषधे वापरतात. त्यामुळे खड्यांचा हा प्रश्न केवळ अॅक्रोमेगॅलीच्या रुग्णांचा नाही.

लगाम एकालाच बसत नाही

मग डोक्यातल्या ग्रंथीसाठी घेतलेल्या औषधाने पोटात खडे का व्हावेत?

यकृत रोज अर्धा ते एक लिटर पित्तरस तयार करते. दोन जेवणांच्या मधल्या वेळेत तो यकृताखालच्या लहानशा पिशवीत साठतो आणि तेथे पाणी शोषले जाऊन दाट होतो. ही पिशवी म्हणजे पित्ताशय. स्निग्ध पदार्थ आतड्यात पोहोचले की आतड्याच्या अस्तरातून कोलेसिस्टोकायनिन नावाचे हार्मोन सुटते. त्याचा सांगावा मिळताच पित्ताशय आकुंचन पावते आणि पित्तरस आतड्यात ओतला जातो. प्रत्येक जेवणानंतर पिशवी अशी धुऊन निघते.

सोमॅटोस्टॅटिनचा स्वभाव मुळातच ‘थांबा’ म्हणण्याचा. ते वाढीचे हार्मोन अडवते, तसेच आतडे आणि स्वादुपिंड यांच्यातली अनेक हार्मोनेही अडवते. ऑक्ट्रिओटाइड त्याचीच नक्कल असल्यामुळे कोलेसिस्टोकायनिनलाही लगाम बसतो. जेवण झाले तरी पित्ताशयाला पुरेसा निरोप पोहोचत नाही. पित्तरस साचून राहतो. शिवाय आतड्याची हालचाल मंदावते, तेथील जिवाणूंना पित्तातल्या आम्लांवर क्रिया करायला जास्त वेळ मिळतो आणि त्याचा परिणाम म्हणून पित्तरसातले कोलेस्टेरॉलचे प्रमाण वाढते.

खडीसाखर कशी होते हे आठवून पाहा. साखरेचा घट्ट पाक न हलवता ठेवून दिला की त्यात स्फटिक धरू लागतात. पित्ताशयात वेगळे काय घडते? कोलेस्टेरॉल जास्त, पित्तरस दाट आणि हलवणारे कोणी नाही. आधी बारीक स्फटिकांचा गाळ तयार होतो आणि त्यातून पुढे खडे बनतात. या औषधाने होणारे खडे मुख्यत्वे कोलेस्टेरॉलचेच असतात.

प्रमाण किती?

हा परिणाम औषध बनवणाऱ्यांनी लपवलेला नाही. ऑक्ट्रिओटाइडच्या अमेरिकेतील अधिकृत माहितीपत्रकात चाचण्यांचे आकडेच दिले आहेत. त्यांत मुख्यतः अॅक्रोमेगॅली आणि सोरायसिसचे रुग्ण होते. २७ टक्के रुग्णांच्या पित्ताशयात खडे आढळले, तर २४ टक्के रुग्णांमध्ये खडे नव्हते, पण गाळ होता. बारा महिने किंवा त्याहून अधिक काळ औषध घेतलेल्यांत खडे वा गाळ असणाऱ्यांचे प्रमाण ५२ टक्के होते. महिनाभर किंवा त्याहून कमी काळ औषध घेतलेल्यांत मात्र दोन टक्क्यांहूनही कमी लोकांना खडे झाले. याचा अर्थ स्पष्ट आहे : प्रश्न एखाददुसऱ्या सुईचा नसून दीर्घकाळ चालणाऱ्या उपचाराचा आहे.

आकडे वाचून छातीत धस्स होईल. परंतु या नाण्याला दुसरी बाजूही आहे. खडे होणे वेगळे आणि खड्यांचा त्रास होणे वेगळे. यांतले बहुसंख्य खडे मुकाट पडून राहतात, केवळ सोनोग्राफीत दिसतात. एरवीही पित्ताशयात गुपचूप खडे बाळगणारे लोक आपल्या आसपास पुष्कळ असतात. त्यांच्यापैकी दरवर्षी शंभरात साधारण एक ते चार जणांनाच दुखणे सुरू होते.

आपल्या देशात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. उत्तर भारतात, विशेषतः गंगेच्या खोऱ्यात, पित्ताशयातील खड्यांचा विकार दक्षिणेपेक्षा अधिक आढळतो आणि तेथे कोलेस्टेरॉलचे खडे जास्त असतात. पुरुषांपेक्षा स्त्रियांना हा त्रास अधिक होतो. म्हणजे इंजेक्शन सुरू होण्यापूर्वीच काहींच्या पोटात खडे असू शकतात. म्हणून उपचारांच्या आरंभी एकदा पोटाची सोनोग्राफी करून ठेवणे शहाणपणाचे. पुढे खडे दिसले तर ते जुने की नवे हे तरी कळते.

त्यानंतर दर वर्षी सोनोग्राफी करावी का, याविषयी तज्ज्ञांत एकमत नाही. अमेरिकेतील एंडोक्राइन सोसायटीच्या २०१४ सालच्या मार्गदर्शक सूचनांनुसार लक्षणे नसतील तर केवळ खडे शोधण्यासाठी वारंवार सोनोग्राफीची गरज नाही. काही डॉक्टर मात्र ठरावीक काळाने ती करून घेतात. आपल्या डॉक्टरांची पद्धत कोणती, हे विचारून घ्यावे.

‘पित्त’ या शब्दाचा घोटाळा

आपल्या बोलण्यात एक मोठी गंमत आहे, जी कधी कधी धोक्याची ठरते. आंबट ढेकर आले, छातीत जळजळले, डोके दुखले की आपण म्हणतो, पित्त झाले. अंगावर गांधी उठल्या तरी पित्तच उठते! यांतल्या कशाचाही पित्ताशयाशी संबंध नसतो. जळजळ होते ती जठरातल्या आम्लाने. पण शब्द एकच असल्यामुळे पित्ताशयाचे खरे दुखणेही ‘पित्त’ या सदरात जमा होते आणि आमसूल, आले-लिंबू, सोडा, थंड दूध यांवर भागवले जाते.

दोन्हींतला फरक ओळखणे कठीण नाही. पित्ताशयाची कळ पोटाच्या वरच्या भागात, मध्यभागी किंवा उजव्या बरगडीखाली उठते. ती पाठीत किंवा उजव्या खांद्याकडे जाते. वाढत वाढत जाऊन अर्धा तास ते काही तास सलग राहते. जडान्न खाल्ल्यावर किंवा रात्री उठण्याकडे तिचा कल असतो. सोबत मळमळ वा उलटी होते. कूस बदलून, शौचाला जाऊन किंवा आम्लपित्ताची गोळी घेऊन ती थांबत नाही.

हे इंजेक्शन घेणाऱ्यांची आणखी एक अडचण असते. सुरुवातीच्या काही आठवड्यांत औषधामुळेच पोट फुगते, गुडगुडते, जुलाब होतात. हा त्रास बहुधा हळूहळू कमी होतो. त्यामुळे काही महिन्यांनी नव्याने सुरू झालेली कळ ‘इंजेक्शनमुळे पोट बिघडतेच’ असे म्हणून सोडून देऊ नये.

चौकट : यांपैकी काही दिसले तर सकाळची वाट पाहू नका

पोटातली कळ पाच-सहा तासांनंतरही थांबत नसेल.
थंडी वाजून ताप येत असेल.
डोळे किंवा त्वचा पिवळी दिसत असेल, लघवी गडद आणि शौचास पांढरट होत असेल.
वरच्या पोटातली तीव्र कळ थेट पाठीत जात असेल आणि उलट्या थांबत नसतील. खडा सरकून स्वादुपिंडाला सूज आल्याचे ते लक्षण असू शकते.
छातीत किंवा वरच्या पोटात दुखून दरदरून घाम येत असेल, धाप लागत असेल. अॅक्रोमेगॅलीत हृदयविकाराचा धोका असतो, म्हणून आधी ईसीजी काढून घ्यावा.

इंजेक्शन बंद करावे का?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. सोनोग्राफीत खडे दिसले, पण काहीही दुखत नाही, तर बहुतेक वेळा इंजेक्शन चालूच ठेवतात आणि खड्यांवर फक्त लक्ष ठेवतात. आपल्या मनाने औषध थांबवण्यात तिहेरी तोटा आहे.

पहिला, मूळ आजार उचल खातो. लगाम सुटताच वाढीचे हार्मोन पुन्हा चढते आणि हृदय, साखर, सांधे यांचे नुकसान नव्याने सुरू होते. दुसरा, औषध सोडले म्हणून झालेले खडे लगेच नाहीसे होत नाहीत. गाळ कदाचित निघून जाईल, पण खडे बहुधा तसेच राहतात. तिसरा तोटा अनेकांना ठाऊकच नसतो. औषधाचा अंमल उतरला की इतके दिवस सुस्त पडलेले पित्ताशय पुन्हा जोमाने आकुंचन पावू लागते. आत खडे असतील तर ते नळीच्या तोंडाशी ढकलले जाऊन नेमकी याच वेळी कळ उठू शकते. औषध थांबवल्यानंतर अशी दुखणी उद्भवल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. म्हणजे खड्यांच्या भीतीने इंजेक्शन टाळणाराच खड्यांच्या तावडीत सापडायचा!

औषध बदलायचे असेल तर तो निर्णय हार्मोनतज्ज्ञाने घ्यायचा. आजार सौम्य असल्यास कॅबरगोलिनच्या गोळ्यांचा काहींना उपयोग होतो. पेगव्हिझोमंट हे औषध वाढीच्या हार्मोनचा यकृतावरचा परिणामच अडवते आणि पित्ताशयाच्या आकुंचनात ढवळाढवळ करत नाही. मात्र ते अतिशय महागडे आहे. काहींना पुन्हा शस्त्रक्रिया किंवा रेडिएशनचा सल्ला दिला जातो. दिल्लीचे एम्स, चंदीगडचे पीजीआय, वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज, मुंबईचे के. ई. एम. अशा मोठ्या रुग्णालयांत हार्मोनविकारांचे स्वतंत्र विभाग आहेत. आजार दुर्मिळ असल्यामुळे एकदा तरी अशा ठिकाणी सल्ला घेणे फायद्याचे ठरते.

शस्त्रक्रिया केव्हा?

वारंवार कळ उठत असेल, पित्ताशयाला सूज आली असेल किंवा खडा पित्तनलिकेत उतरला असेल, तर पित्ताशय काढून टाकणे हाच खात्रीचा उपाय. नुसते खडे काढून पिशवी तशीच ठेवली तर पुन्हा खडे होतात.

एके काळी यासाठी पोटावर वीतभर छेद घ्यावा लागे. १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी भारतातली पहिली दुर्बिणीद्वारे पित्ताशयाची शस्त्रक्रिया केली. त्यानंतर ही पद्धत देशभर पसरली आणि आज तालुक्याच्या गावीही कित्येक ठिकाणी ती होते. तीन-चार लहान छिद्रांतून काम भागते आणि रुग्ण बहुधा एक-दोन दिवसांत घरी जातो. नलिकेत अडकलेला खडा तोंडावाटे दुर्बीण घालून काढता येतो.

अॅक्रोमेगॅलीच्या रुग्णाने मात्र एक खबरदारी घ्यायलाच हवी. त्याची जीभ मोठी, जबडा पुढे आलेला आणि घशाची जागा अरुंद असते. त्यामुळे भूल देताना श्वासनलिकेत नळी घालणे अवघड जाऊ शकते. झोपेत श्वास अडकण्याचा त्रास असल्यास भुलीनंतरही जपावे लागते. भूलतज्ज्ञाला हे आधी ठाऊक असले तर तो तयारीनिशी येतो. ऐन वेळी कळले तर जिवावर बेतू शकते. ‘डोक्याच्या गाठीचा पोटाशी काय संबंध’ असे म्हणून गप्प राहणे किती धोक्याचे आहे, हे यावरून ध्यानात येईल.

पित्ताशय काढल्यावर जेवण पचेल का, ही भीतीही अनाठायी आहे. पित्तरस यकृतात तयार होतो, पिशवी हे केवळ साठवणीचे ठिकाण. ती नसली तर रस थेट आतड्यात उतरतो. काहींना थोडे दिवस पातळ शौचास होते, इतकेच. आणि इंजेक्शन पूर्ववत चालू ठेवता येते.

खडे विरघळतात का?

अर्सोडिऑक्सिकोलिक आम्लाच्या गोळ्यांनी कोलेस्टेरॉलचे लहान खडे काही रुग्णांत विरघळतात. त्यासाठी खड्यांवर कॅल्शियमचा थर नसावा लागतो आणि पित्ताशयाची नळी मोकळी असावी लागते. गोळ्या महिनोन्‌महिने घ्याव्या लागतात आणि बंद केल्यावर खडे पुन्हा होऊ शकतात. ज्यांना शस्त्रक्रिया झेपणार नाही अशांसाठी हा मार्ग डॉक्टर सुचवतात.

घरगुती इलाजांची मात्र आपल्याकडे रेलचेल आहे. कुळथाचे कढण, पानफुटीची पाने, भरपूर पाणी हे उपाय मुतखड्यासाठी सांगितले जातात आणि ‘खडा तो खडाच’ असे समजून पित्ताशयासाठीही वापरले जातात. मूत्रपिंड आणि पित्ताशय यांचे मार्ग वेगळे, खड्यांचे घटकही वेगळे. तेल आणि लिंबाचा रस रात्री पिऊन सकाळी शौचावाटे ‘हिरवे खडे’ पाडण्याचा प्रयोगही लोकप्रिय आहे. त्या गोळ्या तपासल्यावर त्या तेलापासून पोटात तयार झालेल्या साबणासारख्या असल्याचे दिसून आले आहे. पित्ताशयातले खडे जागच्या जागीच राहतात आणि एकदम इतके तेल पोटात गेल्याने कळ मात्र उठू शकते.

खाण्यापिण्याचे काय?

कोणत्याही पथ्याने हे खडे हमखास टळतात असे नाही, पण काळजी घेता येते. दिवसदिवस उपाशी राहू नये. पोट रिकामे असले की पित्ताशयही भरलेले राहते. निर्जळी एकादशी, नवरात्रातले कडक उपवास करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. मधुमेहाच्या औषधांमुळेही हे गरजेचे आहे. झटपट वजन उतरवण्याच्या नादी लागू नये, कारण त्यानेही खडे होतात. तूप-तेल पूर्ण वर्ज्य करण्याची आवश्यकता नाही. वेळेवर, बेताचे आणि चौरस जेवण हेच उत्तम. कळ उठू लागली असेल तर मात्र उपचार होईपर्यंत तळलेले आणि तुपकट टाळावे.

सोनोग्राफीला जाताना सहा ते आठ तास उपाशी राहायला सांगतात. पित्ताशय भरलेले असले तरच आतले खडे नीट दिसतात.

इतर हार्मोनांचे काय?

खड्यांशी नाते असलेला हा एकमेव हार्मोन-उपचार नाही. इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनामुळे पित्तरसातले कोलेस्टेरॉल वाढते आणि प्रोजेस्टेरॉनमुळे पित्ताशय सैलावते. गरोदरपणात काहींना खडे होतात ते यामुळेच. पाळी गेल्यानंतर इस्ट्रोजेनच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत पित्ताशयाच्या तक्रारी वाढतात. कातडीवर लावायच्या पट्टीने हा धोका तुलनेने कमी राहतो. ज्यांना आधीच खडे आहेत त्यांनी अशा गोळ्या सुरू करण्यापूर्वी स्त्रीरोगतज्ज्ञाला तसे सांगावे.

चौकट : हार्मोनतज्ज्ञाला जरूर विचारा

औषध सुरू करण्यापूर्वी माझी पोटाची सोनोग्राफी करायची का?
पोटात कळ आली तर प्रथम कोणाला फोन करू?
खडे आहेत पण त्रास नाही, तर तपासणी किती दिवसांनी?
शस्त्रक्रिया ठरलीच तर त्या महिन्याचे इंजेक्शन केव्हा घ्यायचे?
औषध मिळाले नाही किंवा परवडले नाही, तर काय करायचे?

शेवटचा प्रश्न विचारताना संकोच नको. इंजेक्शन महाग आहे आणि पुष्कळदा ते थांबते ते खड्यांमुळे नव्हे, पैशांमुळे. डॉक्टरांना अडचण कळली तर ते वेळीच दुसरा मार्ग सुचवू शकतात.

निर्णय दोघांनी मिळून

पुन्हा एकदा त्या घरात डोकावू. नवरा म्हणतो इंजेक्शन घेऊ नकोस, सासूबाई म्हणतात आमसुलाचे सरबत घे. दोघांच्याही बोलण्यात माया आहे, पण औषधाची माहिती दोघांनाही नाही. अशा वेळी तिने करण्याजोगी गोष्ट साधी आहे. इंजेक्शनचे रिकामे खोके, हार्मोनचे जुने रिपोर्ट आणि सोनोग्राफीचा कागद एका पिशवीत घालायचा आणि ती पिशवी सर्जन व हार्मोनतज्ज्ञ या दोघांच्याही टेबलावर ठेवायची. एकाने पोट पाहायचे आणि दुसऱ्याने डोके, असे न होता दोघांनी मिळून ठरवायचे.

तिचे दुखणे वारंवार उठत असल्याने बहुधा पित्ताशय काढावे लागेल. भूलतज्ज्ञाला तिच्या जबड्याची आणि घोरण्याची कल्पना आधीच असेल. इंजेक्शनची तारीख फार तर थोडी पुढे-मागे होईल, पण ते सुटणार नाही. पिशवी गेली तरी माणसाचे काही अडत नाही. वाढीचे हार्मोन पुन्हा मोकाट सुटले तर मात्र हृदयापासून सांध्यांपर्यंत सगळ्यांचेच अडते. निर्णय घेताना एवढा हिशेब डोळ्यांसमोर असला की पुरे.